बोर्डावरची अध्यक्ष

आमच्या शेठला कायद्याचं फार प्रेम. इतकं, की कायद्याचा बोर्ड त्यांनी आपल्या केबिनमध्ये ठेवलाय, सोफ्याच्या मागे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, भिंतीकडे तोंड करून. बाहेर धूळ फार असते ना. साठ बायका त्या धुळीत नऊ-नऊ तास बसतात, त्यांचं एक वेळ चालेल, पण कायद्याला खोकला व्हायला नको.

मी प्रमिलाबाई. राहणार डिंडोली, मूळची शिरपूरकडची. नवरा लोटू लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आणि मी कडोदऱ्याला भूपतशेठच्या खात्यात. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. आमच्या खात्यात साड्या तयार होऊन येतात, आम्ही धागे कापतो, टिकल्या चिकटवतो, घडी घालून पिशवीत भरतो. बारा वर्षं झाली. बारा वर्षांत मला टिकल्यांचे सगळे प्रकार पाठ झाले, पण त्या बोर्डावर काय लिहिलंय ते कधी कळलं नाही, कारण तो इंग्रजीत आणि गुजरातीत होता. मी शाळा शिकले सातवीपर्यंत, मराठीत. गुजराती बोलते फाडफाड, पण वाचायचं म्हटलं तर बसचे नंबर तेवढे कळतात.

सरकारी साहेब तपासणीला येणार असला की बोर्ड बाहेर यायचा. आदल्या दिवशी धर्मेंद्रचा फोन येतो. हा धर्मेंद्र म्हणजे शेठचा कायद्याचा सल्लागार, आमच्याच नंदुरबारकडचा. केबिनच्या दारातून आत गेला की गुजराती होतो आणि बाहेर आला की पुन्हा खान्देशी. त्याचा फोन आला की खात्यात धावपळ. संडासात साबण येतो, दाराला कडी बसते, मागच्या दारापुढचे गठ्ठे हलतात आणि तिथे दार आहे हे आम्हालाही आठवतं. मग बोर्ड येतो. पाण्याच्या कूलरवर त्याचा खिळा आहे. इतर दिवशी त्या खिळ्याला चेतन मास्टरचं हेल्मेट लटकतं. साहेब गेला की साबण परत जातो, बोर्ड परत जातो. वर्षातून दोन तास आमच्याकडे कायद्याचं राज्य असतं, आणि ते दोन तास आम्हाला हसऱ्या चेहऱ्याने बसायला सांगतात.

गेल्या वर्षीचा साहेब जरा चिकट निघाला. त्याने वहीत शेरा मारला की बोर्ड इथल्या बहुतेक कामगारांना समजेल अशा भाषेत पाहिजे. आम्ही साठातल्या पन्नास खान्देशच्या. शेठ म्हणाले, यांना कुठे वाचायचंय. पण शेरा तो शेरा. धर्मेंद्रने मराठीत नवा बोर्ड छापून आणला. माणूस तसा हुशार, आयुष्यात एवढी एकच चूक केली असेल त्याने.

यंदाच्या तपासणीच्या आठवडाभर आधी चंचलने मला सांगितलं की ती महिनाअखेरीला काम सोडणार आहे.

चंचल वीस वर्षांची, आमच्या गल्लीतली. बाहेरून बी.कॉम. करते, शेवटचं वर्ष आहे. फी स्वतः भरते, कारण तिच्या भावाचं, हेमराजचं, म्हणणं असं की पोरीला एवढं शिकवून करायचं काय. काम सुटलं की फी सुटली, फी सुटली की हेमराज पोरगा बघायला मोकळा. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तरी सोडते म्हणाली. मी घरी जाताना शेअर रिक्षात तिला खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे बोलली.

चेतन मास्टर. घडी तपासायचा तो. पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, शेठचा उजवा हात. तपासायला मागे येऊन उभा राहतो हे सगळ्यांना माहीत. हात साडीवर ठेवायच्या ऐवजी पाठीवर ठेवतो हेही सगळ्यांना माहीत. चंचलला तो स्टॉकरूममध्ये गठ्ठे मोजायला पाठवायचा आणि दारात असा उभा राहायचा की बाहेर पडायचं तर त्याला घासूनच पडावं लागेल. तिसऱ्या वेळी त्याने आतून कडी लावली. हिने गठ्ठ्यांची चळत पाडून आरडाओरडा केला तेव्हा उघडली. बाहेर येऊन म्हणाला, पोरगी अडखळली.

"भाऊ माले घर बसाडी देई, मावशी," चंचल म्हणाली. भाऊ घरी बसवेल, हीच तिला भीती. त्याला कळलं तर तो चेतनला एक ठोसा मारेल आणि हिचं शिक्षण कायमचं बंद करेल. त्यापेक्षा आपणच गुपचूप सोडावं, दुसरीकडे काम बघावं, असं तिने ठरवलं होतं.

आणि मी काय केलं? मी शहाणी. मी तिला म्हटलं, माझ्या शेजारी येऊन बस. स्टॉकरूमला बोलावलं तर सांग पोट दुखतंय. बारा वर्षांत हाच सल्ला मी पाच-सहा पोरींना दिला असेल. त्यातली एकही आज खात्यात नाही. आठवलं की माझाच मला संताप येतो.

तपासणीच्या दिवशी सकाळी शेठने मला बोर्ड पुसायला लावला. प्लास्टिक काढलं, खिळ्याला लटकवला, काचेवर ओलं फडकं फिरवलं, आणि फडक्याखालून मराठी निघाली. मला आधी वाटलं कुठल्या देवाची माहिती आहे. वाचायला लागले. आमच्या खात्यात बायकांसाठी विश्रांतीची खोली आहे म्हणे. औषधांची पेटी आहे. आठवड्याची सुट्टी रविवारी असते. वाचता वाचता मला अशा खात्यात काम करावंसं वाटायला लागलं. मग खाली उजवीकडे आले. 'महिलांचा लैंगिक छळ, अंतर्गत तक्रार समिती.' आणि त्याच्या खाली, ठळक अक्षरात:

अध्यक्ष, सौ. प्रमिलाबाई लोटू बडगुजर.

माय वं. मी तीनदा वाचलं. नाव माझं, नवऱ्याचं नाव माझ्याच नवऱ्याचं. मी त्या समितीची अध्यक्ष होते, आणि अध्यक्षाला पत्ता नाही. सदस्य, उषाबाई. ती दोन वर्षांपूर्वीच दोंडाईच्याला लेकाकडे निघून गेली. बाहेरच्या सदस्य, वर्षा धर्मेंद्र, सचिव, स्त्री उन्नती संस्था. म्हणजे धर्मेंद्रची बायको. आणि शेवटचे सदस्य, चेतन मास्टर.

चांगलंच आहे की. आता कुणाला त्रास झाला तर त्रास देणाऱ्याला शोधत फिरायला नको, तो समितीतच बसलाय.

साहेब आले. खमण खाल्लं, चहा घेतला, बोर्डाकडे बघून मान डोलावली. मग सहज विचारावं तसं विचारलं, या अध्यक्षबाई कुठे आहेत?

"रजेवर आहेत," शेठ म्हणाले.

मी बोर्डाच्या शेजारी उभी होते, हातात फडकं घेऊन. शेठने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बारा वर्षांत मला एवढी सहज रजा कधी मिळाली नव्हती. तोंड उघडणार होते, पण समोर चंचल बसली होती, मान खाली घालून, एकच धागा दोनदा कापत. म्हटलं, प्रमिले, आधी सगळं नीट वाच. आत्ता बोलशील तर साहेबाचा चहा गार होईल, आणि त्याहून जास्त काही होणार नाही. म्हणून साहेब असेपर्यंत मी ती काच पुसत राहिले. एवढी स्वच्छ काच शेठने जन्मात पाहिली नसेल. तक्रार लेखी पाहिजे. लिहिता येत नसेल तर अध्यक्षांनी लिहायला मदत करावी. चौकशीला अध्यक्ष धरून निदान तीन सदस्य पाहिजेत. तक्रार करणाऱ्या बाईचं नाव कुठेही बाहेर जाता कामा नये. शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. बोर्ड आत जायच्या आधी मोबाइलवर त्याचा फोटोही काढला.

संध्याकाळी तशीच वर्षाताईंकडे गेले. त्या डिंडोलीतच राहतात, आमच्यापासून चार गल्ल्या सोडून, घरी ब्लाउज शिवतात. मशीनवर बसल्या होत्या. मी म्हटलं, सचिवबाई, मीटिंग कधी घ्यायची? त्यांना वाटलं मी माप द्यायला आलेय आणि उन्हाने डोकं फिरलंय. फोटो दाखवला. दोनदा मोठा करून बघितला त्यांनी. स्त्री उन्नती संस्था म्हणजे काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. नवरा कधीमधी कागद पुढे करतो, इथे सही कर म्हणतो, आणि त्या सुई तोंडात धरून सही करतात. कसले कागद म्हणून विचारलं तर म्हणतो, गॅसचे.

मी त्यांना चंचलचं सांगितलं, नाव न घेता. त्यांनी मशीन बंद केलं. धर्मेंद्र घरी आला तेव्हा मी तिथेच बसले होते. तो बिचारा समजावायला लागला की हे सगळं कागदावरचं असतं, सगळीकडे असंच चालतं, साहेबांनाही माहीत असतं. वर्षाताई म्हणाल्या, बरं, मग आता सगळं कागदावरच करू. परवा दुपारी खात्यात मीटिंग आहे असं शेठला सांग. नाही घेतली तर मी साहेबांना लिहून देते की माझ्या सह्या फसवून घेतल्या. धर्मेंद्रने पाणी मागितलं. त्यांनी दिलं नाही.

राहिली चंचल. तिला तयार करायला मला दुसरा पूर्ण दिवस लागला. कोण ऐकणार, मावशी? मी म्हटलं, अध्यक्ष ऐकणार. कोण अध्यक्ष? मी फोटो दाखवला. तिला हसू फुटलं, बऱ्याच दिवसांनी. मग पुन्हा भाऊ. मी तिला ती शेवटची ओळ वाचून दाखवली, नाव बाहेर जाता कामा नये. ती म्हणाली, बोर्डावर तर विश्रांतीची खोलीपण आहे. या पोरीला बी.कॉम. कशाला पाहिजे, वकील व्हायला पाहिजे होती. मी म्हटलं, हे बघ, खोली शेठने द्यायची आहे म्हणून नाहीये. नाव मी सांभाळायचंय. माझ्या तोंडून आजवर कुणाची गोष्ट बाहेर गेली आहे? गेली नव्हती. त्या पाच-सहा पोरींचं सगळं माझ्या पोटातच राहिलं होतं, त्याचा एवढा तरी उपयोग झाला.

तिने तक्रार लिहिली, गुजरातीत. गुजराती शाळेत शिकलेली पोर, मराठी बोलते पण लिहिता येत नाही. मी वाचू शकेना. अध्यक्ष मराठी वाचणारी, तक्रार गुजराती, आणि छळ सगळ्या भाषांत सारखाच. वर्षाताईंना गुजराती वाचता येत होतं, म्हणून निभावलं.

मीटिंग शेठच्या केबिनमध्ये झाली, एसीत. सोफ्यावर मी आणि वर्षाताई, खुर्चीत शेठ, स्टुलावर धर्मेंद्र. चेतन दारात उभा होता. मी म्हटलं, या, बसा, तुम्हीपण सदस्य आहात. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मी मोबाइलवरचा बोर्डाचा फोटो पुढे केला. तो वाकून वाचून हसायला लागला. हसतच खुर्ची ओढून बसला. सदस्य झाल्याचा आनंद त्याला दोन मिनिटं तरी मिळाला.

शेठने सुरुवातीलाच तोडगा काढला. ती जी कोण मुलगी आहे तिला वरच्या मजल्यावर पाठवू, पॅकिंगला, तिथे सगळ्या बायकाच आहेत. झालं समाधान. मी म्हटलं, शेठ, आधी कागद वाचू.

वर्षाताईंनी वाचायला घेतलं. नाव सोडून सगळं वाचलं. पहिल्या दिवशी कुठे हात लावला, काय बोलला. दुसऱ्या दिवशी काय. कडीचा आवाज कसा झाला. मी पाडलेले गठ्ठे नंतर मलाच उचलायला लावले, असं लिहिलं होतं तिने. आणि पुढे, त्या दिवशी मी घरी जाऊन आंघोळ केली, तरी अंगाला त्यांच्या तंबाखूचा वास येत होता, आईने विचारलं काय झालं तर मी म्हटलं परीक्षेचं टेन्शन आहे. चेतनचं हसू पहिल्याच ओळीला गेलं होतं. तो म्हणाला, खोटं आहे, पोरगी अडखळली होती. मी विचारलं, कोणती पोरगी? कागदात तर नाव नाही.

त्याने दाराकडे पाहिलं. शेठने त्याच्याकडे.

मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडले नाही. मी एवढंच म्हटलं, "शेठ, वरच्या मजल्यावर मुलगी जाणार नाही. हा जाणार. कुठे ते तुम्ही बघा. आणि मुलीचं नाव बाहेर गेलं तर ते या केबिनमधूनच गेलं असं मी धरीन."

शेठ व्यापारी माणूस. वर्षाताईंच्या पर्समधून डोकावणारे, फसवून सही घेतलेले कागद त्यांना दिसत होते, साहेबाचा नंबर धर्मेंद्रच्या फोनमध्ये होता. त्यांनी तिथल्या तिथे निकाल लावला. चेतन उद्यापासून इथे नको. सगळ्यांनी सह्या केल्या. सदस्य म्हणून चेतनचीही मी घेतली, सोडते की काय.

दुसऱ्या दिवशी चंचल माझ्या शेजारी बसली होती, साडीवर मान, पण हात भराभर चालत होते. काम सोडायचं तिने नाव काढलं नाही. हेमराजला काही कळलं नाही. घडी तपासायला लक्ष्मणकाका आले, म्हातारे, त्यांना घडीच नीट दिसत नाही. मी दिवसभर इतकी खूश होते की लोटूने संध्याकाळी विचारलं, पगार वाढला का. मी म्हटलं, तू अध्यक्षाशी बोलतोयस, जरा जपून.

तेवढ्यात वर्षाताईंचा फोन आला. आवाज वेगळाच होता. म्हणाल्या, चेतनला शेठने काढलेलं नाही, त्यांच्याच कतारगामच्या खात्यात पाठवलंय, तिथे मास्टर करून. तिथे पंचवीस पोरी आहेत, बहुतेक नव्या, सतरा-अठराच्या. आणि दुसरं ऐका, म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याचं कपाट उघडलं होतं. धर्मेंद्र नऊ खात्यांचं काम बघतो. नऊ बोर्डांसाठी त्याने नऊ समित्या कुठून आणायच्या? एकदा छापलेलं नऊदा वापरलं. सगळीकडे त्याच बाहेरच्या सदस्य, तीच उषाबाई.

"कतारगामला अध्यक्ष कोण आहे?" मी विचारलं, विचारायची गरज नसताना.

"तुम्हीच," त्या म्हणाल्या. "आणि चेतन तिथेही सदस्य आहे."

मी फोन ठेवला. मी एका पोरीला वाचवलं म्हणून दिवसभर मिरवत होते, आणि मीच त्याला पंचवीस पोरींकडे पाठवलं होतं. 'कुठे ते तुम्ही बघा', हे माझेच शब्द. बोर्डावर लिहिलेलं सगळं मी वाचलं, पण ते नुसतं माझ्याच खात्यापुरतं वाचलं.

सकाळी चंचलला रिक्षात सगळं सांगितलं. लपवून काय करणार. मला वाटलं ती म्हणेल, मावशी, झालं आता, आपलं मिटलं ना. म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता.

"तिथल्या पोरींना माझं नाव सांगितलं तर चालतं का?" तिने विचारलं. "मीच सांगितलं तर?"

मी म्हटलं, बोर्डावर तुझ्यासाठी बंदी नाही, दुसऱ्यांसाठी आहे.

तिने पिशवीतून वही काढली, मागची कोरी पानं मोजली. म्हणाली, तुम्हाला गुजराती लिहिता येत नाही, तुम्ही मदत काय करणार, मीच लिहिते. मग रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावून त्याला थांबायला सांगितलं. आम्ही दोघी कडोदऱ्याच्या अलीकडेच उतरलो, रस्ता ओलांडला आणि कतारगामकडे जाणारी रिक्षा बघायला लागलो. माझ्या मोबाइलवर शेठचा फोन वाजत होता. मी उचलला आणि सांगितलं की अध्यक्ष आज रजेवर नाहीत, कामावर आहेत.